कॅम्प की प्रवरा?

प्रश्न : माझा भाचा गेल्या वर्षापासून इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. थंडीत एकदा पाणी तापवायचा बॉयलर घटकेत चालू, घटकेत बंद व्हायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘इट्स गॉन डूलॅली.’ भाच्याने अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, वेडा झालाय. आणि हा शब्द तुमच्याच इंडियातला, एका गावाच्या नावावरून आलेला. भाच्याने मोबाइलवर शोधलं तर गाव निघालं देवळाली! त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि तेव्हापासून सासरवाडीचे लोक मला ‘डूलॅलीकर’ म्हणून हाक मारतात. इंग्रजांनी खरंच आमच्या गावाचं नाव वेडेपणाला दिलं का? दिलं असेल तर का? आणि हा शब्द माणसाला वापरला तर ती शिवी होते का? (एक वाचक, देवळाली प्रवरा, ता. राहुरी)

उत्तर : आधी गावकीचं मिटवू. तुमचं गाव सुटलं. इंग्रजीत गेलेली देवळाली ती तुमची नव्हे. ती नाशिकजवळची, जिला सगळे देवळाली कॅम्प म्हणतात. तुमच्या देवळालीची ओळख प्रवरेचा कालवा, ऊस आणि नगरपालिका ही आहे; गोऱ्या पलटणींची छावणी तिथे नव्हती. तेव्हा सासरवाडीला खुशाल सांगा की, पत्ता चुकला.

पत्ता चुकण्याची ही काही पहिली वेळ नाही. माझ्या एका मावसभावाच्या लग्नाच्या वेळी पत्रिकांचा एक गठ्ठा देवळाली प्रवऱ्याला जायचा होता. पाकिटांवर मी माझ्या हाताने नुसतं ‘देवळाली’ लिहिलं, पिनकोड टाकायचा राहिला, आणि कुरिअरवाल्याने तो गठ्ठा इमानेइतबारे नाशिकला नेऊन टाकला. लग्न झाल्यावर आठ दिवसांनी तो परत आला. प्रवऱ्याची मंडळी त्या लग्नाला आली नाहीत, आणि त्यातले एक काका अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. तेव्हापासून कुणी ‘देवळाली’ म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, ‘कॅम्प की प्रवरा?’ एसटीचे जुने कंडक्टरही असंच विचारत. देवळाली नावाची गावं महाराष्ट्रात आणखीही आहेत, पण गल्लत होते ती या दोघींचीच.

आता शब्दाकडे येऊ. उच्चार ‘डूलॅली’, जोर मधल्या ‘लॅ’वर. अर्थ : डोकं ठिकाणावर नसलेला, भ्रमिष्ट, चक्रम. हे विशेषण मुख्यतः ब्रिटनमधलं. अमेरिकेत ते फारसं कुणाच्या तोंडी नसतं. आणि ब्रिटनमध्येही ते पुस्तकी इंग्रजीत कमी, घरातल्या बोलण्यात जास्त. म्हणून आपल्याकडे दहावी-बारावीच्या इंग्रजीत ते कधी भेटत नाही आणि लेस्टरच्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मात्र पहिल्याच हिवाळ्यात भेटतं.

देवळालीचं डूलॅली कसं झालं, हे कळायला फौजी कान डोळ्यांपुढे आणायला हवा. इंग्रजीत ‘ळ’ नाही, तो तर पहिल्याच फटक्यात गेला. ‘देव’ हे साहेब लोक ‘डी-ई-ओ’ असं लिहीत. देवगडच्या स्पेलिंगात ते अजून दिसतं. छावणीच्या कागदपत्रांत तेच स्पेलिंग बसलं. गंमत म्हणजे रेल्वेने आपल्या स्टेशनच्या पाटीवर ‘ओ’ऐवजी ‘व्ही’ घेतला आहे, त्यामुळे एकाच गावाची इंग्रजीत दोन रूपं आजही सुखाने नांदतात. मात्र शिपाई वाचत कमी आणि ऐकत जास्त. एकाने दुसऱ्याकडून ऐकलं, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं. ‘डीओ’चं ‘डू’ झालं, ‘लाली’चं ‘लॅली’ झालं, आणि शब्दाला अंगाईगीतासारखा झोका आला.

असा झोका फौजी बोलीला फार आवडायचा. नगरकरांना याचं एक उदाहरण घरबसल्या कळेल. मोहरमची सवारी निघते तेव्हा ‘या हसन, या हुसेन’ हा पुकारा नगरच्या कोठला भागात उभं राहून आपण ऐकलेला असतो. तोच पुकारा गोऱ्या शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला. जणू हॉब्सन आणि जॉब्सन नावाचे विलायतेतले दोन शेजारी. पुढे यूल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानी इंग्रजीचा मोठा कोश केला, १८८६ साली छापला, आणि त्याला नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’ दिलं. ज्या कानांनी हसन-हुसेनांचं हे केलं, त्यांच्या हाती देवळाली डूलॅलीवर सुटली हे थोडकंच म्हणायचं.

पण गावाचं नाव बिघडलं, इथवर ठीक. त्याचा अर्थ ‘वेडा’ का झाला?

नाशिकच्या देवळालीला फौजेचा तळ पडला १८६१ साली. मुंबईहून रेल्वेने सुमारे १८० किलोमीटर. घाटातून गाडी वर यायला लागली ती १८६५मध्ये. त्यानंतर या तळाला खरं महत्त्व आलं. विलायतेहून शिपायांची जहाजं मुंबई बंदरात लागत. मुंबईच्या दमट हवेत हजारो नव्या पोरांना ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांना आगगाडीत घालून घाटमाथ्यावर आणत, काही दिवस हवा मानवू देत आणि मग वेगवेगळ्या पलटणींकडे रवाना करत. उलट्या दिशेनेही हीच वाट. ज्यांची नोकरीची मुदत संपली ते शिपाई देशभरातल्या छावण्यांतून देवळालीला यायचे आणि घरी नेणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. आजच्या भाषेत, देवळाली हा फौजेचा भलामोठा एसटी स्टँड होता.

आणि स्टँडवर काय होतं ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

शिपायांची जहाजं बारमाही नसत. साधारण थंडीच्या महिन्यांत त्यांचा हंगाम असे. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून माणसांनी खच्चून भरलेलं जहाज नेणं म्हणजे लोकांना जिवंत उकडणं. एखाद्याची मुदत नेमकी हंगाम संपताना संपली, किंवा तो देवळालीला पोचला आणि आदल्या दिवशीच जहाज सुटलं, की बसा महिनोन्‌महिने.

या बसण्याचं वर्णन करणारा साक्षीदार आपल्याला मिळाला आहे. फ्रँक रिचर्ड्स हा वेल्समधला, खाणीत काम करून मग रॉयल वेल्श फ्यूजिलिअर्स या पलटणीत भरती झालेला साधा शिपाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात होता, पहिलं महायुद्ध त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि पदकं मिळूनही तो अखेरपर्यंत साधा शिपाईच राहिला. हिंदुस्थानातल्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक ‘ओल्ड सोल्जर साहिब’ १९३६ साली निघालं. कवी रॉबर्ट ग्रेव्ह्जने त्याला लिहिण्यात मदत केली होती. रिचर्ड्स सांगतो त्याचा सारांश असा : मुदत संपलेल्या शिपायांकडून देवळालीत हत्यारं काढून घेतलेली असत. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी लांब पल्ल्याची कवायती चाल, बाकी काम शून्य. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक काळा शेरा नव्हता असे शिपाई तिथे येऊन भलतंसलतं करून बसत. कुणी मारामारी करून तुरुंगात, कुणी बाजारबसव्यांकडे जाऊन रोग घेऊन इस्पितळात. घरी जायची तारीख समोर असताना माणसं असं का करतात, याचं त्याने दिलेलं कारण एकच : कंटाळा. विचित्र वागणाऱ्या माणसाला देवळालीचं नाव लावायची रीत या कंटाळ्यातूनच पडली असावी, असं तो म्हणतो. ‘असावी’ हा त्याचाच जपून वापरलेला शब्द आहे, आणि त्यामुळेच मला तो माणूस विश्वासू वाटतो. बढाईखोराने छातीठोक सांगितलं असतं.

तुमच्या गावात हे समजावून सांगायला इंग्रज शिपायाची गरजच नाही. ऊस चौदा-पंधरा महिन्यांचा झालेला, तुरा आलेला, कारखान्याला नोंद वेळेवर दिलेली. आणि तोडीची टोळी मात्र येत नाही. कारखान्याच्या चिटबॉयला फोन केला की ‘परवा’. परवा फोन केला की ‘सोमवारी’. सोमवारी फोन लागतच नाही. शेजारच्या फडात कोयते चाललेले दिसतात, आपला फड तसाच. हातात काही काम नाही, कारण सगळं काम करून झालंय. आता फक्त कुणीतरी येऊन घेऊन जायचं बाकी. या दिवसांत भले भले शांत गृहस्थ बायकोवर ओरडतात, बांधावरून भांडण उकरून काढतात, रात्री दोन वाजता उठून फडाकडे चक्कर मारतात. उन्हातान्हात राबताना ज्याचं डोकं ठिकाणावर असतं, त्याचं या रिकामपणात फिरतं. देवळालीच्या शिपायाचं याहून वेगळं काही झालेलं नव्हतं. फक्त त्याच्या चिटबॉयचं ऑफिस लंडनला होतं.

आता या शब्दाची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. मुळात तो नुसता ‘डूलॅली’ नव्हता. तो होता ‘डूलॅली टॅप’. अमक्याला डूलॅली टॅप झालाय, असं शिपाई म्हणत. इंग्रज वाचकाला ‘टॅप’ म्हणजे टिचकी किंवा थाप वाटते, म्हणजे देवळालीने डोक्यात एक टपली मारली असा काहीसा अर्थ तो लावतो. काहींनी तर पुढे ‘टॅप्ड’ असं रूपही केलं. मराठी वाचकाला मात्र कोश उघडायचीही गरज नाही. टॅप म्हणजे ताप! हिंदुस्तानीतला ज्वर या अर्थाचा ‘तप’ किंवा ‘ताप’ शिपायांनी उचलला, आणि तो आपल्या तापाच्याच घराण्यातला. डूलॅली टॅप म्हणजे देवळालीचा ताप. आणि आपण आजही म्हणतोच की, ‘काय डोक्याला ताप आहे!’ इंग्रजांनी पदरचं काहीच घातलं नाही. गाव आपलं, ताप आपला, फक्त डोकं त्यांचं.

पुढे ताप उतरला आणि डूलॅली राहिला. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी शिपाई-खलाशांच्या बोलीचा कोश छापला, त्यात ‘देवळाली टॅप’ नोंदलेला आहे आणि तोही जुन्या फौजेतला शब्द म्हणून. म्हणजे तोवर तो बराच मुरलेला होता. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात राहून आलेले जुने गोरे शिपाईगडी आणि नवी पोरं एका खंदकात राहिली, आणि असे कितीतरी शब्द तिथून घरोघर गेले. विलायतीचं ‘बिलायती’ आणि बिलायतीचं ‘ब्लायटी’ झालं. ब्लायटी म्हणजे इंग्रज शिपायाचं घर, मायदेश. विचार करा, देवळालीत बसून माणूस ब्लायटीची वाट बघतोय. ज्या गावात अडकलाय त्याचं नाव मराठी, आणि ज्या घराला जायचंय त्याचं नावही त्याने हिंदुस्थानातूनच उसनं घेतलेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर, फौज निघून गेल्यावर, हा शब्द विझायचा. पण १९७४मध्ये बीबीसीने ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका सुरू केली. ती १९८१पर्यंत चालली. तिचं पहिलं ठिकाण म्हणजे देवळालीचा तोफखाना डेपो, तिथली शिपायांची नाटकमंडळी. लिहिणाऱ्यांपैकी जिमी पेरी स्वतः महायुद्धाच्या काळात देवळालीत तोफखान्याच्या करमणूक पथकात होता. आज ती मालिका बीबीसी पुन्हा दाखवत नाही. एका गोऱ्या नटाला तोंड रंगवून हिंदुस्थानी बेअरर केलं होतं, ते आता कुणाच्या पचनी पडत नाही, आणि पडू नयेच. पण लेस्टरच्या तुमच्या भाच्याच्या घरमालकीणबाईंचं वय बघता, हा शब्द त्यांच्या घरात एक तर आजोबांच्या पलटणीतून आला असेल, नाही तर टीव्हीतून.

इथे एक दंतकथा वाटेत आडवी येते, ती बाजूला सारतो. ‘देवळालीत वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला,’ असं बरेच जण सांगतात. लोकांना वेडेपणाच्या शब्दामागे इस्पितळ असलं की बरं वाटतं. इंग्रजीतल्या ‘बार्मी’ या शब्दाबद्दलही असंच सांगतात की, केंटमधल्या बार्मिंगच्या वेड्यांच्या इस्पितळावरून तो आला. प्रत्यक्षात ‘बार्म’ म्हणजे दारू आंबताना वर येणारा फेस. डोक्यात फेसच भरलेला, तो बार्मी. मात्र लंडनच्या बेथलहेम इस्पितळावरून आलेला ‘बेडलम’ खरा आहे. आपल्याकडेही ‘याला ठाण्याला न्या’, ‘येरवड्याला सोडून या’ असं बोलतात ते तिथल्या इस्पितळांमुळेच. या जातीत देवळाली बसत नाही. आजारी शिपाई तिथे असत, इस्पितळही होतं, पण रिचर्ड्सचे शिपाई आले तेव्हा धडधाकट होते. शब्द घडायला वेड्यांचं इस्पितळ लागलं नाही, रिकामा दिवस पुरला.

तुमच्या मनातला सल असा की, गावाची बदनामी झाली. नाशिकवाल्या देवळालीकरांच्या वतीनेही सांगतो, या शब्दात गावकरी कुठे नाहीतच. वेडे झाले ते पाहुणे. उलट देवळालीची हवा अशी की, मुंबईच्या पारशांनी तिथे हवापालटासाठी आरोग्यभुवनं बांधली, पाठोपाठ इतरांनी. शेजारच्या भगूरला सावरकरांचा जन्म. मी एकदा डिसेंबरात चार दिवस देवळालीतल्या एका आरोग्यभुवनात राहिलो होतो. सकाळी साडेसहाला लॅम रोडवर धुकं, बंगल्यांची कौलं ओली, कपाटातून काढलेल्या जुन्या कोटातले दोन वृद्ध पारशी एकमेकांशी न बोलता शेजारी शेजारी चालताहेत. मधूनच लांबून धप्प असा आवाज, खिडकीची काच किंचित थरथरते. मी दचकलो. चहा देणारा पोरगा वरही न बघता म्हणाला, ‘तोफखाना आहे, काका. फायरिंगची प्रॅक्टिस.’ तोफखान्याची शाळा तिथे आजही आहे. मला तर तिसऱ्या दिवशी परत यायचं जिवावर आलं. पण मी चार दिवसांचा पाहुणा होतो आणि परतीचं तिकीट खिशात होतं. ते नसतं तर त्याच बाकावर चौथ्या महिन्यात माझं काय झालं असतं, याची हमी मी देत नाही.

आता तुमच्या सासरवाडीला उत्तर द्यायला थोडा दारूगोळा. देवळाली प्रवऱ्याने इंग्रजीला वेडेपणाचा शब्द दिला नसेल, पण आपल्या जिल्ह्याने इंग्रजीला एक अस्सल डूलॅली माणूस दिला आहे. स्पाइक मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. वडील तोफखान्यात, म्हणून जन्म नगरच्या छावणीत. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर त्याच्या ‘गून शो’ने इंग्रजी विनोदाचा सांधाच बदलून टाकला, तर्काला उलटा टांगून त्याच्या खिशातली नाणी वेचावीत तसला विनोद. हसवणारा हा माणूस स्वतः इटलीतल्या लढाईत तोफगोळ्याने हादरला, नंतर आयुष्यभर नैराश्याचे झटके सोसत राहिला, पुन्हा पुन्हा इस्पितळात गेला आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलला. २००२ साली तो गेला. त्याच्या थडग्याच्या दगडावर आयरिश भाषेत कोरलंय, त्याचा मतलब असा की, मी आजारी आहे म्हणून सांगत होतो ना तुम्हाला! हे वाचून हसू येतं, आणि हसून झाल्यावर गिळायला जड जातं.

आणि खुद्द तुमच्या तालुक्याचा वेडेपणाशी संबंध आहेच, पण तो अगदी निराळ्या वाटेचा. १९३६मध्ये मेहेरबाबांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला. नगरजवळ अरणगावच्या शेजारी त्यांचं मेहेराबाद, पण हा आश्रम राहुरीत. रस्त्यावर फिरणारी, कुणी दारात उभं करत नसे अशी माणसं तिथे आणली जात, आणि मौनात असलेले बाबा स्वतःच्या हाताने त्यांना अंघोळ घालत, दाढी करत, त्यांचे संडास साफ करत. या माणसांत ते दोन जाती मानत : साधे वेडे, आणि ईश्वराच्या धुंदीत हरवलेले ‘मस्त’. विल्यम डाँकिन या त्यांच्या इंग्रज डॉक्टर शिष्याने अशा मस्तांची जाडजूड नोंदवही १९४८ साली ‘द वेफेअरर्स’ या नावाने छापली. आता बघा, हा ‘मस्त’ मूळचा फारसी, अर्थ धुंद, नशेत असलेला. इंग्रजीने तो माजावर आलेल्या हत्तीसाठी ‘मस्ट’ म्हणून घेतला. सुफींनी तो ईश्वरवेड्यांसाठी राखला. आणि आपण मराठीत त्याचं काय केलं? ‘भाजी मस्त झालीय.’ एकाच शब्दाचे असे तीन संसार. नाशिकच्या देवळालीतला वेडा हा वाट बघून कंटाळलेला, आणि राहुरीतला मस्त कुणाची वाट बघत आहे हेच विसरलेला. दोघांना एका विशेषणात बसवायला गेलात तर फसाल.

राहिला शेवटचा प्रश्न, वापराचा. डूलॅली हे विशेषण सहसा नामाच्या आधी बसत नाही, क्रियापदाच्या मागे येतं. ‘डूलॅली मनुष्य’ असं क्वचित, ‘तो डूलॅली झालाय’ असं बहुतेक वेळा. बरोबर ‘गो’ हे क्रियापद असतं : माणूस तिकडे ‘जातो’, जसा आपल्याकडे ‘वेड लागतं’, ‘डोकं फिरतं’. स्वर मऊ असतो. आजी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधते, तेव्हा नातू हसत ‘अ बिट डूलॅली’ म्हणतो. त्यात रागापेक्षा माया जास्त. स्वतःबद्दल म्हणायलाही चालतं. यंत्राला तर हमखास. तुमच्याकडे रात्रीच्या लाइटीला मोटार चालू-बंद व्हायला लागली की गडी म्हणतो, ‘मोटार येड्यावानी करती.’ लेस्टरच्या बॉयलरचं अचूक भाषांतर तेच. कोशात ‘विक्षिप्त’, ‘भ्रमिष्ट’ असे भारदस्त प्रतिशब्द मिळतील. त्यांत या शब्दाची हवा नाही. ‘विक्षिप्त’ माणूस जन्माचा विक्षिप्त असतो. डूलॅली माणूस कालपर्यंत बरा होता. मराठीत त्याला सगळ्यांत जवळचं म्हणजे ‘सटकलंय’, आणि नगरी बोलीत ‘येडं झालंय’. ‘चक्रम’ही चालेल.

शिवी नाही, पण जागा बघून बोलावं. ज्याच्या घरात खरोखर मनाचा आजार आहे त्याच्यासमोर, किंवा विसरभोळेपणाचं निदान झालेल्या वृद्धाबद्दल दवाखान्यात हा शब्द काढला तर तो बोचतो. चारचौघांत ‘येडा’ आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये ‘येडा’ यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही. भाचा अजून नवखा आहे. त्याने बॉयलरपासून सुरुवात करावी, मग स्वतःवर वापरावा, आणि घरमालकीणबाईंवर वापरायची घाई करू नये.

सासरवाडीला मात्र कळवून टाका की ‘डूलॅलीकर’ ही पदवी शंभरावर किलोमीटर पलीकडच्या गावाची आहे.

प्रश्न : आपल्या भागातल्या नावांवरून आलेले इंग्रजीत आणखी काही शब्द आहेत का? (एक विद्यार्थिनी, श्रीगोंदा)

उत्तर : गॅरेजमधला मेकॅनिक जी डांगरी घालतो, ती मुंबईच्या डोंगरीची. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड गोऱ्यांनी ‘डंगरी’ म्हणून नेलं, खलाशांचे कपडे त्याचे शिवले, आणि कापडाचं नाव कपड्याला चिकटलं. गावाच्या नावाचा नव्हे, पण अस्सल मराठी असा दुसरा : ‘मंगूस’, म्हणजे आपलं मुंगूस. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘गूस’ म्हणजे हंस शिरलेला दिसतो, त्यामुळे पुष्कळ इंग्रज पोरं त्याचं अनेकवचन करताना अडखळतात. हंसाचं ‘गीज’ होतं. आपल्या मुंगसाचं होत नाही.